शेठ प्रेमचंद रायचंद : मिळविले, गमाविले आणि दिले

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर ठाऊक नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळा. परंतु ही राजाबाई कोण, तिच्या नावाने हा मनोरा कोणी उभारला आणि तो उभारणाऱ्याच्या आयुष्यात त्याच सुमारास केवढे वादळ येऊन गेले, याची माहिती फार थोड्यांना असते. राजाबाई ही एका जैन श्रावकाची माता होय. तो श्रावक म्हणजे कापसाचा राजा, शेअर बाजाराचा सम्राट आणि दानवीर अशा विविध नावांनी एकोणिसाव्या शतकात ओळखला गेलेला शेठ प्रेमचंद रायचंद. एका आयुष्यात अमाप संपत्ती मिळविणे, ती जवळजवळ सर्व गमाविणे आणि तरीही चिरंतन टिकेल असे काही मागे ठेवून जाणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या. एखादी धार्मिक संस्था आपल्या वाटचालीची पन्नास वर्षे पूर्ण करीत असताना, धन आणि धर्म यांचे नाते तपासून पाहण्यासाठी या चरित्राइतके उद्‌बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

जन्म आणि जडणघडण

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरत येथे दशा ओसवाल जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे लाकडाचे व्यापारी होते. एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठे बंदर असलेल्या सुरतेचे वैभव तोवर ओसरले होते आणि तेथील व्यापारी घराणी एकामागून एक मुंबईकडे वळत होती. रायचंदशेठही त्यांतलेच. मुंबईत आल्यावर त्यांनी मुलाला इंग्रजी शिक्षण दिले. त्या काळच्या व्यापारी कुटुंबात मुलगा हिशेब आणि मोडी-गुजराती लिहू लागला की तो पेढीवर बसे. इंग्रजी शाळेचा खर्च करणे हे त्या वेळी दूरदृष्टीचे लक्षण होते.

या शिक्षणाचे फळ लवकरच मिळाले. १८४९ च्या सुमारास प्रेमचंद एका जाणत्या दलालाच्या हाताखाली शेअर, हुंडी व सोन्याचांदीच्या व्यवहारात उमेदवारी करू लागले. मुंबईत त्या वेळी मान्यताप्राप्त असे शेअर दलाल बोटांवर मोजण्याइतकेच होते. टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली ते जमत आणि तोंडी सौदे करीत. इंग्रजी बोलू, वाचू आणि लिहू शकणारा देशी दलाल ही त्या वर्तुळात नवलाईची गोष्ट होती. युरोपियन बँकांचे व्यवस्थापक आणि देशी व्यापारी या दोघांशीही त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू शकणारा हा तरुण अल्पावधीतच दोघांनाही हवाहवासा झाला. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी अनेक गोष्टी सांगितल्या जातात. दिवसभरातील असंख्य सौदे ते कागदावर न टिपता डोक्यात ठेवीत आणि संध्याकाळी एकही चूक न करता वहीत उतरवून देत, अशी त्यांची ख्याती होती.

माहितीचे मोल

गुंतवणूक संशोधन हा शब्द त्या काळी कोणाच्या कानावरही पडला नव्हता. तथापि प्रेमचंद यांनी जे केले ते त्याहून वेगळे नव्हते. मुंबईच्या कापसाचा भाव इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारावर ठरत असे आणि लिव्हरपूलची बातमी टपालाच्या आगबोटीने येई. बोट धक्क्याला लागून टपाल वाटले जाईपर्यंत बराच वेळ जात असे. प्रेमचंद यांनी लहान होड्या खुल्या समुद्रात पाठवून आपली पत्रे बोटीवरूनच आधी आणविण्याची व्यवस्था केली, असे सांगतात. इतरांना भाव कळेपर्यंत त्यांची खरेदी किंवा विक्री पूर्ण झालेली असे. वऱ्हाड, खानदेश, गुजरात या कापूस पिकविणाऱ्या मुलखांतील पावसापाण्याच्या व पिकाच्या बातम्यांचे महत्त्वही बाजारात त्यांच्याइतके थोड्यांनीच ओळखले होते. बाजारात भावना धावत असतात, पण नफा माहितीला मिळतो, हे त्यांनी ऐन विशीत जाणले होते.

कापसाचे सोने

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या तोवर आपल्या गरजेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून घेत असत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि हा पुरवठा तुटला. गिरण्या चालू ठेवायच्या तर हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. एरवी आखूड धाग्याचा म्हणून नाके मुरडली जाणारा आपला कापूस चार-पाच पट भावाने विकला जाऊ लागला. पुढील चार वर्षांत मुंबईकडे नेहमीच्या कमाईहून सात ते आठ कोटी पौंड अधिक आले, असा अंदाज त्या काळाच्या अभ्यासकांनी केला आहे.

या लाटेचे पाणी विदर्भातही पोचले. वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली ती १८६७ मध्ये. त्याआधी हा कापूस बैलगाड्यांच्या तांड्यांनी लोहमार्गापर्यंत नेला जाई. मात्र नाण्याची दुसरी बाजूही होती. कापूस महागला तसे सूत महागले आणि नागपूर-भंडारा भागातील हातमागावर पोट असलेल्या कोष्टी कुटुंबांना त्याची झळ बसली. आंधळगाव, मोहाडी, पवनी हा सारा पट्टा मागावर जगणारा. जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या लढाईमुळे मुंबईत एक श्रीमंत होतो आणि येथे एकाच्या मागाला सूत मिळेनासे होते, हे बाजाराचे गणित तेव्हापासूनचे आहे.

शेअरचे वेड

हाती आलेला पैसा कोठे तरी गुंतविणे भाग होते. १८५७ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीची सवलत दिली होती आणि १८६० मध्ये ती बँकांनाही मिळाली. भागधारकाचे नुकसान झाले तरी ते त्याच्या भागापुरतेच राहणार, ही सोय मुळात चांगली. परंतु पैशाचा पूर आणि ही सोय एकत्र आली तेव्हा मुंबईत नव्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या, अशी नोंद आहे. यांपैकी अनेकांपाशी कार्यालय आणि नावाची पाटी यांखेरीज काहीच नव्हते.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी तिशी नुकतीच ओलांडलेले प्रेमचंद होते. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती द्यावयाचे, हे त्यांच्या शब्दावर ठरे. शेअर हाती पडताच तो अधिक भावाने विकला जात असल्यामुळे त्यांची एक चिठ्ठी म्हणजे रोख रक्कमच होती. सकाळपासून त्यांच्या घरी आणि पेढीवर गर्दी लोटे. त्यांत कारकून होते, वकील होते, डॉक्टर होते, देशी व्यापारी होते आणि बडे युरोपियन अधिकारीही होते. ज्याला व्यापाराचा गंध नाही असा माणूसही दुपारपर्यंत भागधारक होऊन घरी जाई.

या काळातील सर्वांत गाजलेली योजना म्हणजे बॅक बे भराव कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र हटवून जमीन तयार करावयाची आणि ती विकावयाची, असा तिचा बेत होता. पाच हजार रुपये भरलेला तिचा एक शेअर दहा पटींच्या आसपास गेला. जमीन अजून समुद्राखालीच होती. पण कागदाची किंमत आकाशाला भिडली होती. योजना सर्वस्वी खोटी होती असे मात्र नव्हे. त्या भरावातून निर्माण झालेली किनाऱ्यालगतची पट्टी पुढे रेल्वेमार्गाच्या कामी आली. कल्पना खरी होती; तिच्यासाठी दिलेली किंमत खोटी होती. आजच्या गुंतवणूकदाराने ध्यानात ठेवावा असा हा भेद आहे. चांगली कंपनी आणि चांगली गुंतवणूक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये किंमत उभी असते.

कर्जावर उभा मनोरा

कर्जाची सोय नसती तर हे वेड एवढे वाढले नसते. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही मुंबईतील प्रतिष्ठित बँक. मुंबई सरकार स्वतः तिचे भागधारक होते. तिच्या जुन्या सनदेनुसार कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्यात ही मनाई उरली नाही. मग एका कंपनीचा शेअर बँकेत गहाण ठेवावा, मिळालेल्या कर्जातून दुसरा घ्यावा, तो पुन्हा गहाण ठेवावा, असे चक्र सुरू झाले. भाव चढता आहे तोवर या साखळीत प्रत्येक जण श्रीमंत दिसे. बँकेच्या व्यवस्थापनावर प्रेमचंद यांचा एवढा प्रभाव होता की त्यांच्या शिफारशीवर मोठमोठी कर्जे पुरेशा तारणाविना दिली गेली. संचालकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती.

याच्या जोडीला मुदतीचे सौदे होते. आज भाव ठरवावयाचा आणि पैसे व शेअर यांची देवाणघेवाण पुढील ठरावीक दिवशी करावयाची. पैसे नसतानाही लाखोंचा सौदा करता येई, कारण मुदत येईपर्यंत भाव वाढेल आणि फरक खिशात पडेल, असा सर्वांचा विश्वास होता. १८६५ च्या प्रारंभी झालेल्या अशा बहुसंख्य सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळू लागले आणि त्यांच्यामागोमाग शेअरही. १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडून येणे असलेल्या पैशांवर विसंबून होता आणि प्रत्यक्षात कोणापाशीच पैसे नव्हते. एक दलाल बुडाला की त्याच्यामागे दहा जण बुडत. देणीघेणी निकालात काढण्यासाठी त्याच वर्षी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता. तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य वित्तपेढी बुडाली आणि सावरू पाहणाऱ्या मुंबईवर दुसरा घाव पडला.

या पडझडीत केवळ सट्टेबाज बुडाले असते तर त्याचे एवढे दुःख नव्हते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील थोर पुरुष, संशोधक व वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांची आयुष्याची कमाई यात गेली. निवृत्त नोकरांची पुंजी गेली, विधवांच्या ठेवी गेल्या. जमशेटजी टाटा त्या वेळी बँक स्थापन करण्याच्या उद्देशाने लंडनला गेले होते. तो बेत मोडला आणि त्यांच्या वडिलांच्या पेढीवर संकट कोसळले. १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ इतकीच भरली. पोट भरण्यासाठी आलेली माणसे गावी परतली होती.

१८६६ मध्ये खुद्द प्रेमचंद यांनाही देणी भागविणे अशक्य झाले. ज्यांच्या दारी मुंबई रांग लावीत होती, त्यांच्या दारी आता धनको उभे राहिले. १८६८ च्या आरंभी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. कायद्यातील सैल तरतुदी, अधिकाऱ्यांचा अधिकाराचा गैरवापर, संचालकांची बेफिकिरी आणि त्या काळाची असामान्य परिस्थिती ही कारणे आयोगासमोर आली, तसेच प्रेमचंद यांच्या प्रभावाने दिलेल्या कर्जांवरही कठोर प्रकाश पडला.

येथे चरित्रकाराने आडपडदा ठेवू नये. आपल्या समाजातील थोर पुरुष म्हणून प्रेमचंद यांच्या दानाचे गुणगान करावे आणि बँकेचा अध्याय गाळावा, हे सत्याणुव्रताला धरून होणार नाही. त्यांनी स्वतःचे धन जोखमीत घातले, तोवर तो त्यांचा प्रश्न होता. लोकांच्या ठेवी असलेल्या बँकेचा पैसा त्याच प्रवाहात ओढला गेला, तेव्हा तो सर्वांचा प्रश्न झाला. त्याच वेळी दोषाचे सारे ओझे एकट्या प्रेमचंद यांच्या शिरावर टाकणेही अन्यायाचे होईल. शिकलेले, पदवीधर, अधिकारी असे सारेच त्यांच्या दाराशी चिठ्ठीसाठी उभे होते आणि कायदा सैल करणारे वेगळेच होते. एका वस्तूकडे अनेक अंगांनी पाहावे, ही अनेकान्ताची शिकवण माणसाच्या मूल्यमापनालाही लागू पडते.

जे दिले ते उरले

प्रेमचंद यांच्या आयुष्यातील सर्वांत मननीय भाग यापुढे येतो. भरभराटीच्या काळात त्यांनी मुक्तहस्ताने दान केले होते. १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले. मनोऱ्याला आपल्या मातेचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच अपेक्षा होती. १८६६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले. सुरतेस मुलींची शाळा, भडोचला ग्रंथालय, अहमदाबादेत शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय ही त्यांच्या दानातून उभी राहिलेली किंवा वाढलेली कामे. जैन परंपरेत ज्ञानदानाला जे स्थान आहे, त्याचे हे आधुनिक रूप होते. विशेष असे की यांतील मोठी दाने केवळ जैनांसाठी नव्हती. कलकत्त्यातील विद्यार्थ्याशी या सुरती-मुंबईकर श्रावकाचे ना भाषेचे नाते होते, ना पंथाचे.

जे त्यांनी स्वतःपाशी ठेवले होते ते १८६५-६६ च्या वादळात वाहून गेले. जे त्यांनी देऊन टाकले होते, ते वाचले. विद्यापीठाकडे सोपविलेला निधी त्यांच्या सौद्यांपासून अलग झाला होता, म्हणून त्याला बाजाराची आच लागली नाही. राजाबाई टॉवरची पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली, म्हणजे दात्याचे वैभव लयास गेल्यानंतर; आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेले इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा आराखडा केला होता. बांधकामाचा एकूण खर्च साडेपाच लाख रुपयांच्या आसपास गेला. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती आहेत. त्या घडविण्यात रावबहादूर मुकुंद रामचंद्र या मराठी अभियंत्याचा हात होता. २०१५ मध्ये या वास्तूचे जतनकाम पूर्ण झाले आणि २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत हा मनोराही आहे.

या मनोऱ्याविषयी एक आख्यायिका श्रद्धेने सांगितली जाते. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे त्यांचे व्रत कडक होते. दिवस मावळला की नाही हे कोणाला विचारावे लागू नये, घड्याळाच्या ठोक्यांवरून ते त्यांना स्वतःच कळावे, म्हणून मुलाने घंटेचा हा मनोरा बांधविला, अशी ती कथा. ती अक्षरशः घडली असो वा नसो, रात्रिभोजनत्यागाचे व्रत आणि मातेविषयीची भक्ती या दोन्ही गोष्टी लोकांनी त्या दगडी वास्तूत पाहिल्या, हे खरे. शहराला वेळ सांगणारे घड्याळ एका श्राविकेच्या व्रताशी जोडले जावे, यात जनमानसाचा मोठा आदर दिसतो.

कलकत्त्याच्या दानाचे फळ तर अधिकच दूरवर पोचले. त्या निधीच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. पहिली शिष्यवृत्ती १८६८ मध्ये दिली गेली आणि पुढे ती कलकत्ता विद्यापीठातील सर्वोच्च बौद्धिक सन्मानांपैकी एक मानली गेली. सर आशुतोष मुखर्जी, इतिहासकार जदुनाथ सरकार, रमेशचंद्र मजुमदार हे तिचे मानकरी होत. यांपैकी जदुनाथ सरकार यांनी १९१९ मध्ये शिवाजी महाराजांवरील आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ प्रकाशित केला. सुरतेच्या एका जैन व्यापाऱ्याने बंगालमध्ये लावलेल्या रोपट्याची सावली अशी महाराष्ट्राच्या इतिहासलेखनावरही पडली.

पुन्हा पहिली पायरी

सर्वस्व गेल्यानंतरची चाळीस वर्षे प्रेमचंद कसे जगले, हे त्यांच्या चारित्र्याचे खरे मोजमाप होय. ते शहर सोडून गेले नाहीत, बाजाराला शिव्याशाप देत बसले नाहीत. ज्या दलालीने त्यांना वर नेले होते, तिच्याच पहिल्या पायरीवर ते पुन्हा उभे राहिले. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही. पण विश्वास परत आला. बाजारातील भांडणे, भावांविषयीची अडचण, नव्या कंपनीविषयीचे मत यासाठी लोक पुन्हा त्यांच्याकडे येऊ लागले.

त्यांच्या उत्तरायुष्यातील मोलाचे कार्य म्हणजे शेअर दलालांच्या संघटनेच्या उभारणीतील वाटा. वडाच्या झाडाखालून मेडोज स्ट्रीट आणि तेथून १८७४ मध्ये दलाल स्ट्रीट असा दलालांचा प्रवास झाला होता. १८७५ मध्ये नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद अग्रणी होते. प्रारंभीचे सदस्य ३१८ आणि प्रवेशशुल्क एक रुपया. ३ डिसेंबर १८८७ रोजी तिचा रीतसर करारनामा झाला. हीच संस्था पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून जगप्रसिद्ध झाली. ज्यांनी नियमांवाचून चाललेल्या बाजाराची किंमत मोजली होती, त्यांनीच बाजाराला नियम, सभासदत्व आणि शिस्त देण्यात पुढाकार घ्यावा, यात प्रायश्चित्ताचा अंश मानला तर तो चुकीचा ठरू नये.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी पंचाहत्तराव्या वर्षी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सर कीकाभाई प्रेमचंद यांनीही वित्तक्षेत्रात आणि सार्वजनिक जीवनात नाव मिळविले.

पडझडीनंतरचे शहाणपण

१८६५ च्या धक्क्याने काही माणसे कायमची कोलमडली, तर काहींनी वेगळी वाट धरली. जमशेटजी टाटांनी कागदी संपत्तीचा मार्ग सोडून यंत्र, कापूस आणि मजूर यांच्यावर उभा राहणारा उद्योग निवडला. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती मुंबईत नव्हे, तर कापसाच्या मुलखाजवळ नागपुरात. विदर्भाच्या औद्योगिक इतिहासाचा प्रारंभ अशा रीतीने त्या पडझडीच्या शिकवणीशी जोडलेला आहे. बुडालेल्या बँकेच्या जागी नवी बँक ऑफ बॉम्बे आली. १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली.

बाजाराचे नियमनही हळूहळू आकाराला आले. १९५६ चा रोखे करार कायदा, १९५७ मध्ये मुंबई शेअर बाजाराला मिळालेली कायम मान्यता, १९८८ मध्ये स्थापन होऊन १९९२ मध्ये वैधानिक अधिकार लाभलेली सेबी, असे हे टप्पे आहेत. सर्वसामान्य माणसाला थोड्या रकमेत अनेक कंपन्यांत विभागून गुंतवणूक करता यावी म्हणून १९६४ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि देशात म्युच्युअल फंडांचा पाया घातला गेला. प्रेमचंद यांच्या काळात ज्या गोष्टी केवळ एका माणसाच्या डोक्यात असत, त्या आज छापून द्याव्या लागतात. कंपनीने आपला ताळेबंद जाहीर करावा, फंडाने आपल्याकडील रोख्यांची यादी दरमहा प्रसिद्ध करावी आणि योजनेची जोखीम किती हे दर्शकाच्या काट्याने दाखवावे, असे बंधन आहे. तरीही प्रत्येक पिढीत पुन्हा कोणीतरी कर्ज काढून शेअर घेतो, पुन्हा कोणीतरी ऐकीव माहितीवर आयुष्याची कमाई लावतो. नियम बदलले, लोभाचा स्वभाव बदललेला नाही.

श्रावकाचे व्रत आणि विश्वस्ताचे कर्तव्य

जैन धर्माने गृहस्थाला धन मिळविण्यास कधी मनाई केलेली नाही. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे नाव परिग्रह-परिमाण असे आहे. आपल्याला किती पुरे, याची मर्यादा त्याने शांत चित्ताने, बाजार चढण्यापूर्वीच ठरवावयाची असते. उमास्वातींनी आसक्तीलाच परिग्रह मानले, ते याचसाठी. आजचे अर्थनियोजक गुंतवणूक करण्यापूर्वी आपले उद्दिष्ट आणि सोसवेल इतकी हानी ठरविण्यास सांगतात. श्रावकाचे व्रत तेच शतकानुशतके सांगत आले आहे. १८६४ मधील मुंबईला माहितीची किंवा बुद्धीची कमतरता नव्हती. तिला पुरे हा शब्द ठाऊक नव्हता.

प्रेमचंद यांच्या चरित्रातून विश्वस्त मंडळांनी घ्यावयाचा बोध तर याहून स्पष्ट आहे. स्वतःचे धन आणि देवाचे किंवा समाजाचे धन यांत अंतर असते. स्वतःच्या धनाची जोखीम माणूस जाणून-बुजून घेऊ शकतो. न्यासाचा निधी ही दुसऱ्याची ठेव असते आणि ठेवीला जपणे हे अचौर्य व्रताचाच विस्तार होय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नुसार न्यासाचा पैसा अनुसूचित बँक, पोस्टाची बचत, सरकारी रोखे अशा कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच ठेवावा लागतो आणि त्यापलीकडे जावयाचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. काही वेळा हे बंधन जाचक वाटते, व्याज कमी मिळते, अशी तक्रारही ऐकू येते. परंतु बँक ऑफ बॉम्बेच्या सनदेतील जाचक वाटणारे बंधन काढून टाकल्यावर पाच वर्षांत काय झाले, हे इतिहासाने लिहून ठेवले आहे.

आंधळगावसारख्या मागाच्या आणि शेतीच्या गावात एखादा न्यास पन्नास वर्षे टिकतो, तो मोठ्या रकमांच्या बळावर टिकत नाही. पर्युषणातील लहानसहान देणग्या, वर्षानुवर्षे चोख ठेवलेली वही, सर्वांसमोर वाचलेला हिशेब आणि निधीला हात न लावता व्याजावर चालविलेले कार्य, यांनी तो टिकतो. कलकत्त्याच्या त्या शिष्यवृत्तीला दीडशेहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभले, त्याचे रहस्यही हेच आहे.

शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या लाखोंच्या सौद्यांतील एकही कागद आज मोलाचा उरलेला नाही. बॅक बेचे शेअर गेले, बँकांच्या पाट्या उतरल्या, चिठ्ठीसाठी रांग लावणारे काळाच्या पडद्याआड गेले. उरले ते एवढेच : मुंबईत मातेच्या नावाने वेळ सांगणारा मनोरा, त्याच्या पायाशी वाचत बसलेले विद्यार्थी आणि दूर बंगालमध्ये ज्ञानाला मिळालेला मान. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी समाजातील प्रत्येक कमावत्या हाताने आपल्या परिग्रहाची मर्यादा ठरवावी आणि त्यापलीकडचे धन वेळीच ज्ञानाच्या, सेवेच्या कामी लावावे. वेळीच हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्रेमचंद यांनी १८६४ चे दान दोन वर्षे पुढे ढकलले असते, तर राजाबाईंचे नाव आज कोणाच्याही ओठी नसते.